तेरेखोलचा किल्ला : फेरफारांनी तगलेली वास्तू

तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर केरीची वाळू आहे आणि उत्तर काठावर एक टेकडी. गोव्याची उत्तर हद्द नकाशावर या नदीपाशी संपेल असे वाटते, पण पेडणे तालुक्याचा एक लहानसा तुकडा नदी ओलांडून पलीकडे गेला आहे. त्याच्या एका अंगाला समुद्र, एका अंगाला नदी आणि पाठीशी सिंधुदुर्ग जिल्हा. त्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. किल्ला म्हटल्यावर रायगड-पन्हाळ्याचा विस्तार डोळ्यांपुढे आणणाऱ्याला तो पाहून आश्चर्य वाटेल, कारण त्याचा घेर एखाद्या मातब्बर घराण्याच्या वाड्याएवढाच आहे. दरवाजातून आत शिरताच समोर सेंट अँथनीचे चर्च येते. चर्चच्या भोवती तटाला लागून खोल्या आहेत आणि त्यांत पाहुणे उतरतात, कारण आज हा किल्ला म्हणजे हॉटेल आहे. पाहुण्यांच्या सात खोल्यांना आठवड्याच्या सात वारांची नावे आहेत. सावंतवाडीच्या सावंतांनी बांधलेला, पोर्तुगीजांनी जिंकलेला, चर्चने व्यापलेला आणि शेवटी हॉटेलच्या हाती गेलेला हा किल्ला नेमका कोणाचा मानायचा, असा प्रश्न दर्शनी फलकापासून पर्यटन-पुस्तिकेपर्यंत सर्वत्र डोकावतो. बहुतेक जण त्याचे उत्तर 'मूळचा सावंतांचा' असे देऊन मोकळे होतात. माझे म्हणणे असे की या मूळ किल्ल्याबद्दल आपल्याला खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. जे सांगता येते ते त्यात झालेल्या फेरफारांबद्दल, आणि तेरेखोल आज छपरासकट उभा आहे तोही या फेरफारांमुळेच.

जुन्या घरांच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा चौकाला चौक जोडत वाढला. त्यात देशी राजांगणही आहे आणि युरोपीय धर्तीचे दिवाणखानेही आहेत. त्यातला खरा वाडा कोणता, असे कोणी विचारत नाही. पणजीतले म्हामाय कामतांचे घर हे तर गोव्यातल्या व्यापारी घराण्याचे सर्वांत चांगले नोंदलेले घर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या घराण्याची पेढी दलाली आणि सागरी व्यापार करत होती. तिचे दप्तर पोर्तुगीज, मोडी मराठी, गुजराती, फ्रेंच अशा अनेक भाषांत आहे. १९७९ साली स्थापन झालेल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात ते आले आणि तेओतोनियो द सौझा यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला, तेव्हा गोव्याच्या व्यापाराचा इतिहास नव्याने लिहिता आला. घराला दप्तर असले की घराचा धनी कोण, त्याचा धंदा काय, पैसा केव्हा आला आणि केव्हा आटला हे कागद सांगतात. तेरेखोलला असे घरचे दप्तर नाही. तिथे भिंती आहेत, लढाया-तहांच्या तारखा आहेत आणि हद्दी कशा सरकल्या याचा हिशेब आहे. भिंत एका हातात आणि तारीख दुसऱ्या हातात धरून वाचत गेले तर त्या छोट्या चौकातून बरेच काही हाती लागते.

सुरुवात बांधणाऱ्यापासून करू. सतराव्या शतकात वाडीकर खेम सावंत भोसल्यांनी हा किल्ला बांधला, असे सगळीकडे छापलेले असते. त्यावर शंका घेण्याचे कारण नाही, पण त्यातून वाटते तितका बोधही होत नाही. सावंतवाडीच्या घराण्यात खेम सावंत हे नाव पिढ्यांमागून पिढ्या आले. एक खेम सावंत शिवाजी महाराजांच्या उदयाच्या आधीचे आणि दुसरे, १६७५ ते १७०९ असा दीर्घ काळ गादीवर असलेले, महाराजांच्या अखेरच्या वर्षांपासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचा काळ पाहिलेले. या दोघांच्या काळात कोकण किनाऱ्याचे राजकारण पार बदलून गेले होते. तेव्हा 'खेम सावंतांनी' एवढ्याने किल्ला आदिलशाहीच्या छायेत बांधला की मराठी सत्तेच्या धामधुमीत, हेसुद्धा ठरत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आरंभी किल्ल्यात बारा तोफा, शिबंदीची बराक आणि एक चॅपेल होते, असे वर्णन ठिकठिकाणी उतरवले जाते. वाडीकर सावंतांनी आपल्या किल्ल्यात चॅपेल कशाला बांधले असते? म्हणजे आरंभीचे म्हणून जे वर्णन पुढे केले जाते ते किल्ला पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरचे आहे. मूळ तेरेखोलचे म्हणून आपल्या मनात जे चित्र आहे, तेच मुळी फेरफार झालेल्या किल्ल्याचे आहे.

मग मूळ किल्ल्याबद्दल काहीच सांगता येत नाही का? जागा तेवढी सांगता येते आणि तिच्यातून बरेच निघते. ही नदी सह्याद्रीतून उतरून बांद्यावरून येते आणि आरोंदा, किरणपाणी मागे टाकून समुद्राला मिळते. पोर्तुगीज तिला आरोंद्याच्या नावाने ओळखत. बांदा हे आदिलशाहीतले नावाजलेले व्यापारी ठिकाण. सोळाव्या शतकाच्या आरंभी किनाऱ्याचे वर्णन लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाने बांद्याची आणि तिथल्या हिंदू-मुसलमान व्यापाऱ्यांची दखल घेतली आहे. घाटावरचे धान्य खाली उतरायचे, मलबारचा नारळ आणि मसाला वर चढायचा आणि ही सगळी ये-जा नदीच्या तोंडातून व्हायची. त्या तोंडावर टेकडीच्या माथ्यावर बसलेल्या माणसाला आत येणारे नि बाहेर जाणारे प्रत्येक गलबत दिसते. सावंतांची स्वतःची गलबते याच नदीत आसऱ्याला असत. म्हणजे तेरेखोल हा मुळात नदीच्या दरवाजावरचा पहारा होता. मुलूख राखण्याचे काम दुसऱ्या किल्ल्यांचे. यावर कोणी म्हणेल की तोफा आहेत, तट आहे, १७४६ साली त्याच्यासाठी लढाईही झाली, तेव्हा तो लष्करी किल्लाच म्हणायला हवा. लष्करी तर तो होताच. पण बारा तोफा आणि वाड्याएवढा चौक घेऊन जमिनीवरून आलेल्या मोठ्या फौजेपुढे महिनोन्महिने टिकाव धरता येत नाही. शिबंदीला साठवणीची जागा नाही, माघार घ्यायला बालेकिल्ला नाही. अशा किल्ल्याचा उपयोग एकच, नदीत कोणाला येऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे हे ठरवणे. त्या काळी त्यातच जकात आली, आरमार आले आणि शेजाऱ्यावरचा वचकही आला.

१७४६ची लढाईही हेच सांगते. व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मैदा, आसुमारचा काउंट, हा १७४४ साली गोव्यात आला. त्याआधी ब्राझीलमध्ये गव्हर्नर असताना १७२०चे व्हिला रिकाचे बंड त्याने कठोरपणे मोडले होते. वसई जाऊन उणीपुरी पाच वर्षे झाली होती आणि उत्तरेकडचा मुलूख गमावलेल्या पोर्तुगीजांना गोव्याभोवती मोकळा श्वास घ्यायला जागा हवी होती. सावंतवाडीची गादी तेव्हा रामचंद्र सावंतांकडे होती. १७४६च्या मे महिन्यात व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला घेतला आणि नोव्हेंबरमध्ये तो समुद्रमार्गे तेरेखोलवर आला. १६ नोव्हेंबरला आरमारी झुंज झाली, तिच्यात सावंतांच्या गलबतांचा मोड झाला. त्यानंतर काठावर काही चकमकी होऊन २३ नोव्हेंबर १७४६ रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी आरमार पडले आणि आठवड्याभरात किल्ला पडला. गलबतांवाचून या टेकडीला अर्थ नव्हता. व्हाइसरॉयच्या किताबातही तेरेखोल आला नाही. किताब आला हळर्णवरून, म्हणजे पोर्तुगीजांच्या आलोर्नावरून, आणि इतिहासात व्हाइसरॉय आलोर्नाचा मार्क्विस म्हणूनच राहिला. पोर्तुगीजांच्या लेखी हळर्ण ही मर्दुमकीची खूण होती आणि तेरेखोल ही कामाची जागा. पुढे हळर्ण ओस पडला, आणि सरकारने अलीकडे डागडुजी हाती घेईपर्यंत त्याच्या भिंती झाडोऱ्यात होत्या. कामाच्या जागेत मात्र माणसे राहिली.

१७६४ साली पोर्तुगीजांनी तेरेखोलची मोठी पुनर्बांधणी केली. आज डोळ्यांना दिसणाऱ्या तटाचा विचार या वर्षापासून करायला हवा. सावंतांच्या हातची रचना त्याच्या पोटात कुठे असेल तर असेल, पण बाहेरून दिसणारा किल्ला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्या वेळी तेरेखोलची स्थिती फार विचित्र होती. नदीच्या दक्षिणेचा पेडणे महाल सावंतांचा, उत्तरेचे रेडी आणि पलीकडचा मुलूखही त्यांचाच, आणि मध्ये नदीच्या तोंडाशी पोर्तुगीजांची ही एवढीशी ठाणेदारी. जमिनीकडून चहूबाजूंनी शत्रू आणि मोकळी वाट फक्त समुद्राची. असे ठाणे मजबूत करण्यावाचून गत्यंतर नसते. चोवीस वर्षांनी चित्र बदलले. कोल्हापूरकरांच्या दबावाने जेरीस आलेल्या तिसऱ्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि १७८८च्या तहाने पेडणे त्यांच्या स्वाधीन केले. त्यामुळे नदीचे दोन्ही काठ मुखापाशी एका सत्तेकडे आले. तेरेखोल शत्रूच्या अंगणातले ठाणे राहिला नाही, पोर्तुगीज मुलखाचे शेवटचे टोक बनला. माझ्या मते या वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि तो घडवायला एकही चिरा हलवावा लागला नाही.

त्याचे परिणाम मात्र चिऱ्यांत दिसतात. किल्ल्यातले चर्च चौकाच्या मधोमध आहे आणि त्याने चौक इतका व्यापला आहे की दर्शनी भिंतीसमोर जेमतेम मोकळी जागा उरते. शिबंदीला रोज कवायत करायची आहे, दारूगोळा हलवायचा आहे, तोफांपाशी धावायचे आहे, अशा किल्ल्यात चौक मोकळा ठेवावा लागतो. तो चर्चने भरू दिला याचा अर्थ शिबंदीची गरज कमी झाली आणि उपासकांची वाढली. छोट्या चॅपेलचे पुढे गावाचे चर्च झाले, ते युद्धाची भीती ओसरल्यामुळे. काहींना हे चर्च सावंतांच्या किल्ल्यावरचे आक्रमण वाटते. ते जिंकणाऱ्यांबरोबर आले हे खरेच आहे. पण तेरेखोलच्या ख्रिस्ती रहिवाशांनी पिढ्यानपिढ्या तिथे प्रार्थना केली, फेस्त साजरे केले, आणि आज त्या चौकाशी सर्वांत जुने अखंड नाते कोणाचे असेल तर ते त्यांचे आहे. १७८८ साली मिळालेल्या पेडण्याच्या बाकी भागात लोकांची देवळे आणि चालीरीती राहू दिल्या गेल्या, तेरेखोलने मात्र त्याआधीच चाळीस वर्षे वेगळी वाट धरली होती. नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काठांत आजही जो फरक जाणवतो त्याचे मूळ या चाळीस वर्षांत आहे.

टोकावरच्या जागेला एक वेगळा गुण असतो, तिथून बाहेर पडता येते. त्याचा प्रत्यय १८३५ साली आला. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी राजवटीने नेवऱ्याच्या बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा या गोमंतकीयाला गोव्याचा प्रमुख नेमले. जन्माने गोमंतकीय असलेला माणूस त्या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. जानेवारीत त्यांनी कारभार हाती घेतला आणि तीन आठवड्यांच्या आत लष्करी उठावाने त्यांना पदच्युत केले. त्यांच्या बाजूच्या लोकांनी तेरेखोलचा आधार घेतला आणि तिथे मोठी कत्तल झाली, असे इतिहास सांगतो. अनेक पुस्तिकांत या घटनेचे वर्ष १८२५ दिलेले असते. ते बरोबर असणे शक्य नाही, कारण पेरिश द सिल्व्हा प्रमुख झाले तेच १८३५ मध्ये आणि पद गेल्याशिवाय पद गमावल्याचे बंड होत नाही. एका आकड्याची ही चूक एका पुस्तिकेतून दुसरीत उतरत राहिली आहे आणि तिच्यामुळे गोव्याच्या राजकारणातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या जागेवरून हलतो. पेरिश द सिल्व्हांच्या लोकांनी तेरेखोलच का निवडला याचेही उत्तर भूगोलात आहे. सावंतवाडीने १८१९ साली इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले होते. किल्ल्याच्या पाठीमागून चार पावले टाकली की पोर्तुगीज हुकमत संपत होती. बारा तोफांपेक्षा ही मागची वाट अधिक मोलाची होती.

त्यानंतरच्या शतकभरात सांगण्यासारखे थोडे घडले, आणि वास्तूच्या दृष्टीने ते बरेच झाले. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये १८८० पासून बारा वर्षे ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकातीची भिंतच काढून टाकली होती. त्या काळात इथल्या हद्दीवरच्या पहाऱ्याला अर्थ उरला नाही. त्याच दशकात मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि घाटमाथ्याचा माल तिकडे वळला. बांद्याची नदी व्यापाराच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडली. ज्या वाटेवर राबता नाही तिथल्या पहाऱ्याच्या जागेवर कोणी पैसा ओतत नाही. त्यामुळे तेरेखोल ना मोठा झाला ना पाडला गेला. गरजेपुरता शाकारला गेला आणि डागडुजीवर चालत राहिला. अशा डागडुजीचा काळ ओळखायला एक साधे साधन आहे. मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली निघाला. तेव्हा किल्ल्यात जिथे मंगळुरी कौल दिसेल ते छप्पर त्यानंतरचे, मग भिंत कितीही जुनी असो. त्याआधी कोकणात हाती घडवलेले नळीचे कौल असे.

विसाव्या शतकात हद्द पुन्हा जिवंत झाली. १९४७ नंतर किल्ल्याच्या मागची ती जमीन स्वतंत्र भारताची होती, आणि तेरेखोल हे पोर्तुगीज सत्तेचे सर्वांत पोचण्याजोगे टोक ठरले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा फडकवला. त्यांना पकडण्यात आले. पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहात गोव्याच्या हद्दींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि दोन शतकांहून अधिक काळ या किल्ल्याला काम पुरवणारी हद्दच उरली नाही. अशा क्षणी बहुतेक किल्ले मरतात. उत्तरेला हाकेच्या अंतरावर रेडीचा यशवंतगड आहे. तो तेरेखोलपेक्षा कितीतरी मोठा, त्याचा खंदक आणि दरवाजे पाहण्यासारखे. पण छपरे गेली आणि भिंतींत वडा-पिंपळाची मुळे शिरली. तेरेखोलमध्ये चर्च चालू होते आणि खोल्यांना छप्पर होते, म्हणून तो पाहुण्यांसाठी उघडता आला.

हॉटेलवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ही इतिहासाची विटंबना आहे, पाहुण्यांच्या खोल्या काढून किल्ला मूळ रूपात आणावा. हा आक्षेप मला पटत नाही. मूळ रूप म्हणजे कोणते? सावंतांचे म्हणाल तर त्याचा आराखडा नाही आणि ते काढायला १७६४ची बांधणी आणि चर्च पाडावे लागेल. १७६४चे म्हणाल तर चर्चला आजचे रूप देणारा काळ पुसावा लागेल. १९५४चे म्हणाल तर पोर्तुगीज पोलिसांचे ठाणे पुन्हा उभारावे लागेल. असा जीर्णोद्धार म्हणजे एका काळाला खरे ठरवून बाकीच्यांना खोटे ठरवणे. रेइश मागुशचा किल्ला, जो १९९३ पर्यंत तुरुंग होता, दुरुस्त होऊन २०१२ साली लोकांसाठी उघडला. तिथेही बंद केलेली दारे आणि तुरुंगाच्या खुणा पूर्ण मिटवल्या नाहीत, आणि त्यामुळे तो किल्ला वाचायला अधिक सोपा झाला आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. फेरफार वास्तूला जगवतात हे कबूल केले तरी दरवाजा कोणासाठी उघडतो हा प्रश्न राहतो. चर्च एरवी सर्वांसाठी उघडे नसते, फेस्ताच्या आणि ठराविक प्रसंगी ते उघडते. ज्या गावकऱ्यांच्या वहिवाटीने चौक जिवंत राहिला त्यांना आपल्या चर्चकडे जायला पाहुण्यांच्या दारातून जावे लागते. सत्याग्रहींनी जिथे झेंडा लावला ती जागा बघायला येणारा शाळकरी मुलगाही त्याच दाराशी येतो. वापर बदलताना भिंतींचा विचार होतो, वहिवाटीचा होत नाही, आणि वहिवाट एकदा तुटली की कौलांसारखी ती नव्याने बसवता येत नाही. खोल्या राहू द्याव्यात. पण चर्चची आणि तटाची वाट खोल्यांपासून वेगळी काढणे, ती ठरल्या वेळी रोज उघडी ठेवणे आणि हे भाडेपट्टीच्या अटींत लिहून ठेवणे शासनाला सहज जमण्याजोगे आहे.

याच्या जोडीला एक काम तातडीने व्हायला हवे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात जांभा झिजतो, गिलावा सुटतो, आणि हॉटेल म्हणून चालणाऱ्या वास्तूत दर काही वर्षांनी काही ना काही दुरुस्ती होतेच. पुढची दुरुस्ती हाती घेण्याआधी किल्ल्याची इंच-इंच मोजणी व्हावी. कोणती भिंत कोणत्या भिंतीला नंतर येऊन टेकली आहे, कुठे चुन्याचा गिलावा आहे आणि कुठे सिमेंटचा, चर्चच्या पायाखाली जुन्या बराकीच्या जोत्याचे काही दिसते का, तोफांच्या खाचा कोणत्या दिशेला रोखलेल्या आहेत आणि त्यांतल्या किती नदीकडे, किती जमिनीकडे, हे सगळे नकाशावर उतरावे. त्या शेवटच्या मोजणीत माझे म्हणणे तपासलेही जाईल. खाचा बहुतांशी जमिनीकडे निघाल्या, तर तेरेखोल हा नदीच्या दरवाजावरचा पहारा होता हे विधान मला मागे घ्यावे लागेल.